चार काटे जागेवर

रेडिओकाकांच्या हाताला बायको गेल्यानंतर कंप सुटला, असं गल्लीतले लोक म्हणत. ते खरं नव्हतं. कंप सात-आठ वर्षांपासून होता. तो कुणाच्या नजरेला पडायचं कारण नव्हतं, कारण जिथे हात स्थिर लागतो ते काम बायकोच करायची.

दुकान खाली, घर वर. मध्ये चौदा पायऱ्यांचा जिना, आणि नवव्या पायरीला वळण. दुकानात शिरलं की समोर कामाचं टेबल. त्यावर काळी रबरी चटई, कडेला सोल्डरिंग आयर्नने भाजल्याचे डाग, आणि बिस्किटांच्या डब्यांमध्ये वेगवेगळ्या मापांचे स्क्रू. आता दुरुस्तीला फारसं काही येत नसे. आठवड्यातून एखादा जुना रेडिओ आला तर आला. पण काका रोज नऊला कुलूप काढायचे, टेबल पुसायचे आणि दिवा लावून बसायचे.

टेबलाच्या पाठीमागे, भिंतीला लागून, तो मोठा ॲम्प्लिफायर होता. लग्नानंतरच्या वर्षी काकांनी स्वतः बांधलेला. त्याचे ट्रान्सफॉर्मरसुद्धा घरीच गुंडाळलेले. डाव्या स्पीकरसाठी दोन मोठे व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असतात तशा काचेच्या नळ्या, उजव्यासाठी दोन. दुपारी एक ते तीन दुकान बंद असायचं. तेव्हा नवरा-बायको जेवण आटपून खाली यायची आणि एक-दोन रेकॉर्ड ऐकायची. काका हातात काहीतरी घेऊन खुडबुड करत ऐकायचे. ती मात्र नुसती ऐकायची. मध्येच म्हणायची, "अहो, उजवीकडचा दमलाय." काका मीटर लावून बघत, तर उजवीकडचा एक व्हॉल्व्ह खरंच उतरलेला असे.

व्हॉल्व्ह तापला की गाणं चालू असो वा नसो, त्यातून थोडा करंट वाहतच असतो. तो किती असू द्यायचा, ते ठरवण्याला बायस म्हणतात. कमी ठेवला तर आवाज खरखरीत होतो. जास्त ठेवला तर व्हॉल्व्ह आतून लाल होतो आणि मरतो. काकांच्या ॲम्प्लिफायरला चाळीस मिलिॲम्पिअर मानवायचे. पण व्हॉल्व्ह जुने होत जातात आणि प्रत्येक जण आपापल्या गतीने जुना होतो. म्हणून महिन्यातून एकदा चार स्क्रू जरा जरा फिरवून चौघांना पुन्हा चाळिसावर आणायचं. यातली अडचण एवढीच की हे काम ॲम्प्लिफायर उलटा करून, चालू ठेवून करावं लागतं, साडेचारशे व्होल्टच्या शेजारी.

बायकोने सव्वीस वर्षं रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी केली होती. तिचा हात म्हणजे खिळा. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती चष्मा पुसून स्टुलावर बसायची. डावा हात पाठीमागे, उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर. काका मीटर बघून सांगायचे, "अजून. अजून. जरा मागे. बस."

"तुम्ही बस म्हणायच्या आधीच मी थांबले होते," ती म्हणायची.

एकतीस वर्षं हे असं चाललं.

ती हृदयाने गेली. चार दिवस हॉस्पिटलात होती. शेवटी कागदावर सही करताना डॉक्टर म्हणाले, "हे वर्षभर तरी चालू असणार. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" त्यांना काही दोष द्यायचा नव्हता. कागदावर एक रकाना होता, तो ते भरत होते. काका म्हणाले, "नाही." डॉक्टरांनी तसं लिहिलं.

काकांनी नंतर आठवून पाहिलं. शेवटच्या वर्षभरात चहा सातलाच मिळत होता. जेवण साडेबाराला. कपडे वाळत होते, निघत होते, घड्या होत होत्या. कशी आहेस विचारलं की ती बरी आहे म्हणायची. एक गोष्ट मात्र नवीन होती. जिना चढताना ती वळणावर थांबायची आणि तिथून काहीतरी विचारायची. अहो, गॅस बंद केला का बघा. अहो, किल्ल्या घेतल्या ना. काका खालून उत्तर द्यायचे, मग ती पुढचा जिना चढायची. वय झालं की माणसाला फार प्रश्न पडतात, असं काकांनी तेव्हा मनाशी ठरवून टाकलं होतं.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी महिन्याचा पहिला रविवार आला तेव्हा काकांनी स्क्रूड्रायव्हर स्वतः हातात घेतला. त्या दिवशी लेक आलेली होती. ती दुसऱ्या शहरात पुलांची तपासणी करणाऱ्या खात्यात इंजिनिअर होती. पुलांखाली लोंबकळून भेगा मोजणं हेच तिचं काम, तेव्हा घाबरट म्हणावी अशी ती नव्हती. तिसऱ्या स्क्रूवर काकांचा हात सटकला. ठिणगी उडाली, फाटकन आवाज झाला आणि घरातली वीज गेली. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाचा तुकडा वितळून नाहीसा झाला होता. काकांच्या अंगठ्यावर पांढरा डाग उठला.

लेकीने आधी अंगठा पाण्याखाली धरला, मग बोलली. "बाबा, हे टेबल बंद. सामान आवरा आणि माझ्याकडे चला."

"तुझ्याकडे येऊन मी काय करू? भिंती मोजू?"

"मोजा. भिंतींना करंट नसतो."

संध्याकाळी काका म्हणाले, "चालू मशीनमध्ये हात घालायची वेळच आली नाही तर?"

"म्हणजे?"

"बायस लावावाच लागणार नाही, असं करता येतं. मी आळस केला होता, कारण तुझी आई होती. मला सहा महिने दे. सहा महिन्यांत मी आत हात घातला नाही आणि करंट जागचा हलला नाही, तर टेबल राहील. हलला तर मी स्वतः बॅग भरीन."

लेकीने विचार केला. खात्यातही ती असंच करायची. संशय असलेला पूल लगेच पाडत नाहीत, त्याला मीटर लावून सहा महिने बघतात. "ठीक आहे," ती म्हणाली. "पण मला आकडे हवेत. सगळं चांगलं आहे, असलं चालणार नाही."

काकांनी काम दुसऱ्याच दिवशी सुरू केलं. हे काम बंद मशीनवर करायचं असल्याने कंपाची भीती नव्हती. आधी कॅपॅसिटरांमध्ये साठलेली वीज उतरवायची, मीटर लावून शून्य बघायचं, मग हात घालायचा. मनगटाखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की सोल्डरिंग आयर्नचं टोक बऱ्यापैकी जागेवर राही. प्रत्येक व्हॉल्व्हच्या पायाशी, करंट जिथून बाहेर पडतो त्या कॅथोडला, त्यांनी नखाएवढा तीन पायांचा एक काळा तुकडा बसवला, त्याला एक रेझिस्टर आणि शेजारी एक कॅपॅसिटर. याला कॉन्स्टंट करंट सोर्स म्हणतात. एकदा चाळीस ठरवून दिले की तो चाळीसच जाऊ देतो. जुने चार स्क्रू त्यांनी काढून टाकले आणि एका डबीत घालून डबी वरच्या फळीवर ठेवली.

मेहुणी दर गुरुवारी डबा घेऊन यायची. बायकोची धाकटी बहीण, बोलायला फटकळ. बहीण होती तेव्हा महिन्यातून एकदा येणारी ही बाई आता दर आठवड्याला येत होती, आणि आपण काकांसाठी येतो असं चुकूनही म्हणत नव्हती. "डबा परत न्यायला आले," असं म्हणायची आणि नवा ठेवायची.

"भावोजी, हे काय डास मारायचं मशीन करताय?"

काकांनी समजावलं. "समज, एक सभागृह आहे. दाराशी माणूस बसवलाय. तो मिनिटाला चाळीस माणसं बाहेर सोडणार. एक कमी नाही, एक जास्त नाही."

"आत गर्दी झाली तर?"

"तरी चाळीसच. म्हणून आवाज फार मोठा करायचा नाही. मोठा केला की आत रेटारेटी होते आणि गाणं घुसमटतं. आपण हळूच ऐकतो, आपल्याला त्याचं काही नाही."

"आणि आत माणसंच कमी असली तर?"

"तरी तो चाळीस काढणार."

"कुठनं काढणार? पोरंबाळं, म्हातारेकोतारे, झोपलेले, सगळ्यांना उठवून?"

"उठवून," काका म्हणाले आणि हसले. बायको गेल्यावर ते पहिल्यांदा हसले, म्हणून मेहुणीनेही प्रश्न तिथेच सोडला.

लेकीला आकडे हवे होते, म्हणून काकांनी समोरच्या पट्टीवर चार छोटे काट्यांचे मीटर बसवले, प्रत्येक व्हॉल्व्हचा करंट दाखवणारे. भोकं पाडून कानशीने घासायला तीन दिवस गेले. ॲम्प्लिफायर चालू केला, व्हॉल्व्ह तापले आणि चारही काटे उठून चाळिसावर येऊन उभे राहिले, शाळेतली मुलं रांगेत उभी राहतात तसे. एकतीस वर्षांत ते चार आकडे इतके सारखे कधी आले नव्हते. काका बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी फोटो काढून लेकीला पाठवला.

तेव्हापासून रविवारी सकाळी दहाला लेकीचा फोन यायचा.

"काटे?"

"जागेवर."

"चारही?"

"चारही."

"तुम्ही कसे आहात?"

"बरा आहे."

मग ती नातवाच्या परीक्षेचं काहीतरी सांगायची आणि फोन ठेवायची. एक मिनिटाच्या वर फोन जात नसे. पहिला महिना गेला, दुसरा गेला. काटे केसभर हलले नाहीत. सकाळी कुलूप काढलं की काका आधी ॲम्प्लिफायर चालू करायचे, टेबल पुसून होईपर्यंत काटे उभे राहायचे, आणि मग त्यांचा दिवस सुरू व्हायचा.

चौथ्या महिन्यातल्या एका गुरुवारी मेहुणी डबा ठेवून खुर्चीत टेकली. काकांनी बायकोच्या आवडीची रेकॉर्ड लावली होती. एक बाई संथपणे गाते, मागे फक्त एक तंतुवाद्य. मेहुणीने अर्धं गाणं ऐकलं आणि म्हणाली, "ही बाई नाकात कधीपासून गायला लागली?"

"सर्दी झाली असेल तुला."

"मला नाही, तिला झालीय. उजव्या बाजूने."

"काटे बघ," काका म्हणाले.

"मी काट्यांना नाही विचारलं. काटे गातात का?"

काकांनी विषय बदलला. त्यांच्या स्वतःच्या कानांना वरचे सूर गेली दहा वर्षं नीट ऐकू येत नव्हते, हे त्यांना माहीत होतं. त्यात मेहुणी म्हणजे आगाऊ. पुढच्या गुरुवारी ती पुन्हा तेच म्हणाली. काकांनी स्पीकरची वायर हलवून बघितली, रेकॉर्डची सुई पुसली. त्याच्या पुढच्या गुरुवारी ती काहीच म्हणाली नाही, खुर्ची उचलून डाव्या स्पीकरच्या पुढ्यात नेली आणि तिथे बसली. काकांना याचा जास्त राग आला. बायको दमलाय म्हणायची तेव्हा ते मुकाट्याने मीटर काढायचे. आता मीटर समोरच होता, कायमचा, आणि तो नाही म्हणत होता. मग कुणाचं ऐकायचं?

सहा महिने एका रविवारी पुरे होणार होते. लेक स्वतः येऊन बघणार होती. आदल्या गुरुवारी मेहुणी जाता जाता म्हणाली, "ताई असती तर तिने केव्हाच सांगितलं असतं. तुम्ही तिचं ऐकायचात, माझं नाही. मी काय, डबेवाली."

शुक्रवारी सकाळी काकांनी ॲम्प्लिफायर उलटा केला. मेहुणीचं तोंड बंद करायचं, एवढाच विचार होता. लेकीला दिलेला शब्दही मोडायचा नव्हता, म्हणून त्यांनी मशीन बंद असताना उजवीकडच्या एका कॅथोडला मीटरचा चिमटा लावला, हात काढून घेतला, मागे सरकले आणि मग बटण दाबलं. करंट काटे दाखवतच होते. बघण्यासारखं राहिलं होतं ते कॅथोडचं व्होल्टेज. ते त्यांनी सुरुवातीला एकदा मोजलं होतं, चारही ठिकाणी तीसच्या आसपास होतं, आणि नंतर पुन्हा कधी मोजलं नव्हतं. करंट बांधलेला असताना ते मोजायचं कशाला?

उजवीकडचा पहिला एकोणतीस. बंद करून, वीज उतरवून चिमटा दुसऱ्यावर लावला आणि पुन्हा चालू केलं. मीटर अकरावर थांबला.

काकांना वाटलं चिमटा सुटलाय. बंद करून पुन्हा लावला. अकरा. डावीकडचे दोन तपासले, ते तीस आणि अठ्ठावीस. समोरच्या पट्टीवर चारही काटे चाळिसावर होते. अकरावाल्याचाही.

ते स्टुलावर बसले. बायकोचंच स्टूल होतं. समजायला कठीण काहीच नव्हतं. व्हॉल्व्ह थकत गेला तसा आपणहून चाळीस देईनासा झाला. पण दाराशी बसलेल्या माणसाला चाळीस हवेच होते. मग व्हॉल्व्हला आवळून धरणारा दाब, म्हणजे हे व्होल्टेज, थोडा थोडा सैल होत गेला, तीसचे पंचवीस, पंचवीसचे अठरा, अठराचे अकरा, आणि चाळीस पुरे होत राहिले. मेहुणीने विचारलं होतं ते हेच, कुठनं काढणार. अजून महिना-दोन महिने हे असंच चाललं असतं, काटा जागेवर राहिला असता आणि मग एका दिवशी एकदम पडला असता.

जी गोष्ट बदलूच शकत नाही तिच्यावर त्यांनी मीटर लावला होता. आणि रोज सकाळी ती बदलली नाही म्हणून खूश होत होते. नवशिक्याने हे केलं असतं तर काकांनी त्याला आयुष्यभर चिडवलं असतं.

वरच्या फळीवर त्याच जातीचे दोन व्हॉल्व्ह शिल्लक होते, बायकोने कापडात गुंडाळून ठेवलेले. शनिवारी काकांनी त्यातला एक काढून बसवला. व्होल्टेज तीस आलं. थकलेला व्हॉल्व्ह त्यांनी त्याच कापडात गुंडाळला आणि टेबलाच्या खणात ठेवला. लेकीला कळायचा प्रश्नच नव्हता. अटीत आत हात घालायचा नाही असं होतं. चालू मशीनमध्ये घातला नव्हता. करंट हलायला नको असं होतं. तो हलला नव्हता. अट अक्षरशः पाळलेली होती.

लेक रविवारी साडेअकराला आली. चपला काढून थेट मीटरांपाशी गेली, खाली वाकून एकेक बघितला. मग तिने मोबाईलमधला सहा महिन्यांपूर्वीचा फोटो काढून शेजारी धरला.

"हरले," ती म्हणाली. "टेबल तुमचं."

मेहुणी मुद्दाम रविवारी आली होती, गंमत बघायला. रेकॉर्ड लावली होती आणि आज ती पुन्हा मधोमध बसली होती, ते काकांनी पाहिलं.

"तुम्ही कसे आहात?" लेकीने बॅग ठेवत विचारलं.

"बरा आहे," काका म्हणाले. हेच उत्तर त्यांनी सव्वीस रविवार दिलं होतं. या घरात त्याआधी हे उत्तर दुसरं कुणी देत असे, आणि तेही रोज वेळेवर.

त्यांनी खण उघडून कापडाची गुंडाळी टेबलावर ठेवली.

"हा व्हॉल्व्ह मेल्यात जमा आहे. काल बदलला. तीन महिने तरी उतरत असणार. तुझी मावशी सांगत होती, मी ऐकलं नाही."

"पण काटे तर—"

"काटे करंट दाखवतात. करंट मी बांधून ठेवलाय, व्हॉल्व्ह मरेपर्यंत तो तेवढाच राहणार. उतरतं ते व्होल्टेज. तिथे मी मीटर लावलाच नाही."

लेक गुंडाळी सोडवून व्हॉल्व्हकडे बघत राहिली. बाहेरून तो नव्यासारखाच दिसत होता. ती म्हणाली, "आम्ही पुलाच्या खांबाला मीटर लावत नाही, बाबा. खांब हलत नसतो. जिथे वाकतं तिथे लावतो." मग म्हणाली, "आणि मी सहा महिने तेच विचारत राहिले. काटे, काटे."

"अजून एक आहे," काका म्हणाले. त्यांनी उजवा हात टेबलावर, रबरी चटईवर ठेवला. एरवी ते तो खिशात ठेवत किंवा कशावर तरी टेकवत. आता नुसता ठेवला. हात थरथरत होता, आणि चटईवरचा एक छोटा स्क्रू त्याने हळूहळू कडेकडे सरकत होता. "हे वाढलंय. आणि जिन्यात चक्कर येते. वळणावर बसावं लागतं. दोनदा तर बराच वेळ बसलो."

मेहुणीने उठून रेकॉर्ड बंद केली.

"कधीपासून?" लेकीने विचारलं.

"तिसऱ्या महिन्यापासून असेल."

"मला का नाही सांगितलं?"

"तू काटे विचारायचीस," काका म्हणाले. मग त्यांना ते बरोबर वाटलं नाही. "टेबल जाईल म्हणून नाही सांगितलं."

स्क्रू चटईवरून खाली पडला आणि मेहुणीने तो वाकून उचलला.

"आई वळणावर थांबायची," लेक म्हणाली. "मी आले की मला पण तिथून विचारायची, दाराला कडी लावली का. मी म्हणायची, आई, तूच लावलीस ना आता."

"हो," काका म्हणाले. "मलाही विचारायची."

लेकीने दोन दिवसांची रजा टाकली आणि सोमवारी काकांना डॉक्टरकडे नेलं. रक्तदाबाची गोळी जास्त होत होती, म्हणून चक्कर. ती निम्मी केली. कंपाचं काही फारसं होणार नव्हतं, वाढू नये म्हणून एक औषध दिलं. या वेळी कागदावरचा रकाना भरताना डॉक्टरांनी त्रास सुरू झाल्याची तारीख विचारली तेव्हा काकांनी तारीख सांगितली, आठवून, महिन्यासकट.

टेबलाचं काय करायचं हे लेक मंगळवारी निघेपर्यंत बोलली नाही. सकाळी ती खाली आली तेव्हा काकांनी डब्यांमधले स्क्रू एका खोक्यात भरायला घेतले होते. शब्द दिला होता, तो असा नाही तर तसा मोडलाच होता.

"हे काय?"

"बॅग भरतोय."

"राहू दे ते. आधी मीटर हलवा. मला गाडी दुपारची आहे."

मग दोघांनी मिळून ते केलं. मशीन बंद, वीज उतरवलेली. काकांनी ठोकळ्यावर मनगट टेकून एकेक वायर करंटवरून काढली आणि कॅथोडवर आणली, मधे मोठे रेझिस्टर घातले, म्हणजे तेच मीटर आता व्होल्टेज दाखवतील. लेकीने दिवा धरला. तिचा हात स्थिर होता, पण तिला स्क्रूड्रायव्हर कसा धरायचा ते माहीत नव्हतं, आणि काकांनी तो तिला दिलाही नाही. थकलेला व्हॉल्व्ह पुन्हा त्याच्या जागी बसवून बघू, असं लेकच म्हणाली. खरंच दिसतंय का ते तिला बघायचं होतं. बटण दाबलं, व्हॉल्व्ह तापले, आणि तीन काटे तीसच्या आसपास कुठे कुठे उभे राहिले. चौथा अकरावर थांबला.

"आता दिसलं," लेक म्हणाली.

नवा व्हॉल्व्ह परत घातला. पट्टीवर अजून करंटचे आकडे छापलेले होते, ते काकांनी कागदाच्या पट्ट्या चिकटवून बदलले. कंपामुळे आकडे वेडेवाकडे आले.

ठरलं ते असं. टेबल राहील. चालू मशीन उघडायचं ते फक्त गुरुवारी, मेहुणी समोर असताना, आणि तेही चिमटे लावून, हात बाहेर ठेवून. मेहुणी म्हणाली, "म्हणजे मी आता डबेवाली आणि पहारेकरी. पगार नाही ते नाहीच." पण पुढच्या गुरुवारी ती डबा ठेवून आधी काट्यांसमोर उभी राहिली.

"हे असे वाकडेतिकडे का? आधी किती छान एका ओळीत होते."

"हे खरे आहेत," काका म्हणाले.

"दिसायला ते बरे होते."

"होते खरे."

रविवारी दहाला फोन आला.

"आकडे सांगा."

"एकोणतीस, तीस, तीस, अठ्ठावीस."

"मी पाहिला तेव्हा डावीकडचा कडेचा एकोणतीस होता ना?"

"अठ्ठावीसच होता. तू उलट्या बाजूने वाचतेस."

"बरं. आणि जिना?"

काकांच्या पटकन तोंडावर आलं होतं ते त्यांनी बाहेर पडू दिलं नाही. त्यांनी सकाळ आठवून पाहिली. दूध घेऊन वर जाताना, डाव्या हाताने कठडा धरून.

"वळणावर थांबलो," ते म्हणाले. "बसलो नाही. उभाच होतो."

"किती वेळ?"

"मोजलं नाही. उद्या मोजतो."